झोप उडालेली असताना मनात मरणाचे विचार येतात तेव्हा: रात्र सुरक्षित ठेवण्यापासून उपचारांपर्यंत

आधी तातडीचं. तुम्हाला आत्ता जीव द्यावासा वाटत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी उठवा. रात्रीचे तीन वाजले असले तरी उठवा. घरात कुणी नसेल तर फोन करा. भारतात टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मोफत आहे आणि मराठीतूनही बोलता येतं. जिवाला लगेच धोका असेल तर ११२. दुसऱ्या देशात असाल तर तिथला आणीबाणीचा क्रमांक, किंवा सर्वांत जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग. बाकीचं नंतर वाचता येईल.

मरणाच्या विचारांबद्दल माणूस आपणहून क्वचित बोलतो. झोपेबद्दल मात्र बोलतो. "डोळ्याला डोळा लागत नाही," हे वाक्य तो शेजाऱ्याला, सहकाऱ्याला, औषधाच्या दुकानदारालाही सांगतो, कारण त्यात लाज वाटण्यासारखं काही नसतं. आपण ते ऐकतो, "टेन्शन घेऊ नकोस, मोबाइल कमी बघ," असं म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये, म्हणून हा लेख. झोपेच्या तक्रारीपाशी थोडं थांबलं, नीट विचारपूस केली, तर पुढचा अवघड प्रश्न विचारायला वाट मिळते. शिवाय झोपेवर उपचार आहेत, आणि ते चांगले आहेत.

नातं किती पक्कं आहे

२०१२ साली ३९ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून तपासली गेली. जवळपास दीड लाख माणसांची ही माहिती होती. झोपेचा त्रास असलेल्यांमध्ये आत्महत्येचे विचार, प्रयत्न आणि आत्महत्येने मृत्यू या तिन्हींचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट ते तिप्पट निघाला. नैराश्य आहे म्हणून झोप नाही आणि नैराश्य आहे म्हणूनच धोकाही आहे, एवढ्यावर हे नातं संपत नाही, असंही त्यातून दिसलं. झोपेचा स्वतःचा वाटा त्यात आहे.

फिनलंडमध्ये छत्तीस हजारांहून अधिक प्रौढांची माहिती वापरून केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न वाईट स्वप्नांचा होता. ज्यांना अधूनमधून भयस्वप्नं पडत, त्यांच्यात पुढे आत्महत्येने मृत्यू होण्याचा धोका ५७ टक्क्यांनी जास्त होता. ज्यांना ती वारंवार पडत, त्यांच्यात दुपटीहून थोडा अधिक. स्वप्नांना आपण फारसं महत्त्व देत नाही, डॉक्टरही बऱ्याचदा विचारत नाहीत. विचारायला हवं.

हे आकडे वाचून घाबरू नका. ज्यांची झोप बिघडलेली असते त्यांतल्या बहुसंख्य लोकांच्या मनात आत्महत्येचा विचारही येत नाही. मुळात कमी असलेला धोका दुप्पट झाला तरी तो बहुतेकांसाठी कमीच राहतो. पण आधीच खचलेल्या, आधी प्रयत्न केलेल्या, नुकतंच जवळचं माणूस गमावलेल्या किंवा व्यसनात अडकलेल्या माणसाची झोप उडाली, तर त्याकडे किरकोळ तक्रार म्हणून पाहता येणार नाही.

रात्री मनात काय चालतं

भीती आणि धोका ओळखणारा मेंदूतला भाग म्हणजे अमिग्डला. त्याला आवर घालण्याचं काम कपाळामागचा भाग करतो. २००७ साली झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना एक रात्र पूर्ण जागं ठेवलं आणि नंतर त्यांना त्रासदायक चित्रं दाखवली. झोपून आलेल्यांच्या तुलनेत त्यांच्या अमिग्डलाची प्रतिक्रिया सुमारे ६० टक्क्यांनी तीव्र होती आणि कपाळामागच्या भागाशी तिचा संपर्क सैल झाला होता. एका रात्रीत धडधाकट माणसाचं असं होतं. महिनाभर अर्धवट झोपलेल्या, आधीच मन हरलेल्या माणसाची अवस्था यावरून समजून घ्या.

दुसरी गोष्ट वेळेची. आत्महत्येने होणारे मृत्यू दिवसा जास्त होतात असं साध्या मोजणीत दिसतं. पण मध्यरात्रीनंतर जागे असणारे लोक मुळातच थोडे असतात. अमेरिकेतल्या नोंदींवर आधारलेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किती लोक जागे होते हे लक्षात घेऊन पुन्हा हिशेब केला, तेव्हा मध्यरात्र ते पहाटे सहा या वेळातलं प्रमाण अपेक्षेच्या ३.६ पट निघालं. त्या वेळी घर झोपलेलं असतं, कुणाला फोन करायचा तर संकोच वाटतो, अंगात थकवा मुरलेला असतो आणि मेंदू दिवसासारखा तोलून विचार करत नसतो. त्यात "मला आता कधीच झोप येणार नाही" ही हताशा येऊन मिळते. बऱ्याच जणांना खरं तर मरण नको असतं. त्यांना हे जागेपण थांबायला हवं असतं. यावर उपाय आहे, हे त्या क्षणी त्यांना दिसत नाही.

पायरी १: त्रास कुठला, ते नीट ओळखा

"झोप येत नाही" यात अनेक वेगळ्या गोष्टी असतात. पडल्यावर तासन्‌तास कूस बदलत राहणं, मध्येच वारंवार उठणं, पहाटे तीन-चारला टक्क जाग येऊन परत डोळा न लागणं, भयस्वप्नांच्या धास्तीने मुद्दाम जागं राहणं, किंवा याच्या उलट, दिवसभर झोपून राहणं आणि तरी मरगळ न जाणं. पहाटे लवकर जाग येणं आणि सकाळी मन सर्वांत जड असणं हे नैराश्यात फार वेळा आढळतं. रात्री मोठ्याने घोरणं, श्वास अडकून दचकून उठणं हा झोपेत श्वास बंद होण्याचा आजार असू शकतो. पडल्यावर पाय हलवल्याशिवाय चैन पडत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं. या दोन्हींवर वेगळे उपचार आहेत.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने असं चाललं तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. मनात जीव देण्याचे विचार असतील तर तीन महिने वाट पाहायची नाही. दोन रात्रीही पुरेशा आहेत.

आठवडाभर रोज सकाळी चार ओळी लिहा. रात्री घड्याळ बघत बसायचं नाही, सकाळी अंदाजाने लिहायचं. अशी नोंद पुरते:

"मंगळवार. ११ ला पडलो. झोप साडेबाराच्या सुमारास. तीनला जाग, परत झोप नाही. ६ ला उठलो. चार ते पाच फार वाईट गेलं. जगू नये असे विचार आले, दहापैकी सात. दारू नाही. शेवटची कॉफी संध्याकाळी ६."

त्यातली "चार ते पाच फार वाईट गेलं" ही ओळ पाच-सहा दिवस सलग आली, तर सोबतीची गरज कोणत्या तासाला आहे ते कळलं.

पायरी २: कुठल्या खुणा दिसल्या तर थांबायचं नाही

झोप किती तास झाली यापेक्षा ती अचानक बदलली का, हे पाहा. चार-सहा दिवसांत झोप एकदम ढासळली आणि सोबत माणूस अस्वस्थ येरझाऱ्या घालतोय, चिडतोय, लोकांपासून तुटतोय, दारू वाढली आहे, निरवानिरवीची भाषा करतोय, "माझं ओझं झालंय तुम्हाला" असं म्हणतोय, तर त्याच दिवशी मदत घ्या.

एक खूण घरच्यांच्या हातून सहज निसटते. माणूस दोन-तीन तासच झोपतो, तरी थकत नाही, उलट सुसाट बोलतो, बेत आखतो, पैसे उधळतो. घरच्यांना वाटतं, चला, बरं वाटायला लागलं. ही द्विध्रुवीय आजाराची (बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येण्याच्या आजाराची) सुरुवात असू शकते. उत्साह आणि निराशा एकाच वेळी असण्याची अवस्था तर विशेष धोक्याची. दुसरी निसटणारी खूण बाळंतिणीची. बाळ झोपलंय, सांभाळायला माणूस आहे, तरी तिला झोप लागत नाही, तर तो नुसता जागरणाचा थकवा नव्हे. डॉक्टरांना लगेच कळवा.

किशोरवयात झोपेची वेळ निसर्गतःच पुढे सरकते. मुलं उशिरा झोपतात यात सगळा दोष त्यांचा नसतो. १३ ते १८ या वयात आठ ते दहा तास झोप लागते आणि सकाळची शाळा ती कापते. म्हणून मुलांच्या बाबतीत "रात्री जागतोस" ही तक्रार करण्यापेक्षा "जागा असतोस तेव्हा कसं वाटतं?" हे विचारा.

पायरी ३: झोपेवरून सुरुवात करून सरळ विचारा

विचारल्याने त्याच्या डोक्यात नसलेला विचार शिरेल, ही भीती जवळजवळ सगळ्यांना असते. या प्रश्नावर झालेल्या संशोधनात तसं आढळलेलं नाही. उलट विचारल्याने बऱ्याच जणांना हलकं वाटतं. बहीण-भावातलं बोलणं साधारण असं होऊ शकतं:

"काल पण जागाच होतास ना?"

"हं. झोप येतच नाही गं ताई."

"किती दिवस झाले?"

"पंधराएक दिवस असतील."

"मग रात्रभर करतोस काय?"

"पडून असतो. डोक्यात तेच तेच."

"तेच म्हणजे काय रे? जगूच नये असं वाटतं का? जीव द्यावा असं येतं का मनात?"

तो गप्प राहिला तर घाई करायची नाही.

"सांग मला. मला रडू आलं तरी तू घाबरू नकोस. मला ऐकायचंय."

"येतं कधी कधी."

"बरं झालं सांगितलंस. कसं, कधी, असं काही ठरवलंयस का?"

शेवटचा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, पण त्यावरूनच घाई किती ते ठरतं. नुसता विचार येत असेल तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे. काही ठरवलेलं असेल, साधन हाताशी असेल किंवा आधी प्रयत्न झालेला असेल, तर आजच, आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. "असं बोलू नये", "आईबाबांचा विचार कर", "लोकांना किती मोठी दुःखं असतात" ही वाक्यं प्रेमापोटी येतात, तरी गिळून टाका. त्याने पुढचं बोलणं बंद होतं. "कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका. "मदत मिळेल अशाच माणसांना सांगीन, तुला कळवून सांगीन," इतकं म्हणा.

पायरी ४: रात्रीचा बेत उजेडी लिहून ठेवा

माझ्या मते या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. रात्री तीनला नवा मार्ग सुचत नाही. तेव्हा वाचायला कागद लागतो आणि तो दुपारी, डोकं जाग्यावर असताना लिहावा लागतो. मानसोपचारात याला सुरक्षा योजना म्हणतात. अमेरिकेतल्या तातडीच्या विभागांत आलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशी योजना आणि नंतरचे विचारपुशीचे फोन मिळालेल्यांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन ४५ टक्क्यांनी कमी आढळलं. दोन्ही गोष्टी सोबत होत्या, हे लक्षात ठेवा. कागद लिहून देऊन कुणाला विसरून जायचं नसतं.

कागदावर वरती आपल्या खुणा लिहा, आपल्याच शब्दांत: "छातीत दडपतं, जुन्या चुका आठवतात, सगळ्यांना माझ्याशिवाय बरं होईल असं वाटतं." त्याखाली एकट्याने करता येण्यासारख्या दोन-तीन गोष्टी. अंथरुणातून उठून दुसऱ्या खोलीत जाणं, मंद दिवा लावणं, तोंडावर गार पाणी मारणं, ओळखीचं काही ऐकणं किंवा हातकाम करणं. त्याखाली ज्यांना रात्री फोन केला तर चालेल अशी नावं आणि क्रमांक. हे त्यांच्याशी आधी बोलून घ्या: "मला रात्री तीनला फोन करावा लागला तर उचलशील का? फोन शेजारी ठेवून झोपशील का?" हो म्हटल्यावरच नाव लिहा. आधी विचारून ठेवलं की रात्रीचा संकोच बराच गळून पडतो. मग डॉक्टर किंवा समुपदेशक, हेल्पलाइन आणि सर्वांत खाली जवळचं रुग्णालय, रात्री तिथे कुणासोबत आणि कसं जायचं यासकट.

कागदावर एक नियम ठळक लिहा: मध्यरात्र ते सकाळ या वेळात आयुष्याविषयी कोणताही निर्णय घ्यायचा नाही. राजीनामा, नातं तोडणं, कर्जाचा हिशेब, निरोपाचा मेसेज, काहीही नाही. विचार आले तर येऊ द्यायचे, पण ते सकाळी कुणासोबत तरी तपासायचे.

याच पायरीत घर सुरक्षित करा. जीव द्यावासा वाटण्याची तीव्र लाट पुष्कळदा थोडा वेळ टिकते आणि ओसरते. तेवढ्या वेळात घातक वस्तू हाताशी नसेल तर जीव वाचतो. औषधांचा साठा, कीटकनाशकं, शस्त्रं, दारू घरातून काढून दुसऱ्याकडे ठेवा. निदान कुलपात ठेवा आणि किल्ली त्याच्याजवळ असू देऊ नका. चोरून करण्यापेक्षा सांगून करा: "काही दिवस हे माझ्याकडे राहू दे. तू बरा झालास की बघू." पुढचे काही दिवस त्याच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपा. नोंदीतून जो तास वाईट निघाला असेल, त्या वेळी शक्य असल्यास जागं राहून सोबत करा. पाळ्या लावा, एकट्याने दहा रात्री काढता येत नाहीत.

पायरी ५: डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा

बरेच जण डॉक्टरांना फक्त झोपेचं सांगतात, गोळी घेतात आणि घरी येतात. डॉक्टरांना दुसरी बाजू कळतच नाही. तोंडून निघत नसेल तर एका ओळीची चिठ्ठी द्या: "तीन आठवडे झोप नाही आणि रात्री जीव द्यावा असे विचार येतात." नोंदवही सोबत न्या. घरातलं कुणीतरी बरोबर असू द्या. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी द्या, कारण स्टेरॉइड, रक्तदाबासाठीची काही बीटा-ब्लॉकर औषधं आणि काही नैराश्यविरोधी औषधं झोप किंवा स्वप्नं बिघडवू शकतात. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली तरीही झोप उडते. तपासून घ्या. मात्र कोणतंही औषध मनाने बंद करू नका.

झोपेच्या गोळ्यांबद्दल दोन टोकं ऐकू येतात: गोळी म्हणजे विष, किंवा गोळी म्हणजे सुटका. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत निद्रानाश आणि आत्महत्येचे विचार असलेल्या १०३ प्रौढांपैकी काहींना झोपेची गोळी आणि काहींना नकली गोळी दिली. मुख्य मोजपट्टीवर ठळक फरक दिसला नाही, दुसऱ्या एका मोजपट्टीवर विचारांत थोडी घट दिसली. म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोड्या दिवसांसाठी गोळीला जागा आहे, पण सगळा भार तिच्यावर टाकता येत नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने झोल्पिडेमसारख्या गोळ्यांवर झोपेत चालण्यासारख्या धोकादायक हालचालींबाबत कडक इशारा छापायला लावला. काही दिवसांपुरत्याच गोळ्या आणा, त्या दुसऱ्या माणसाकडे ठेवा, दारूसोबत कधीच घेऊ नका आणि दुसऱ्याची चिठ्ठी वापरू नका.

नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांमध्ये, अस्वस्थता किंवा जागरण वाढू शकतं. तसं झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

पायरी ६: झोपेवरचा मुळातला उपचार

जुनाट निद्रानाशासाठी पहिला उपचार म्हणून सीबीटी-आय ही बोलण्या-वागण्यावर आधारलेली पद्धत सुचवली जाते. अमेरिकेतल्या वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली तशी शिफारस केली. साधारण सहा ते आठ बैठका लागतात. तिचे काही नियम आजपासून पाळता येतात. रोज, सुट्टीच्या दिवशीही, एकाच वेळी उठायचं, रात्र कशीही गेली असो. झोप दाटून आली तरच पडायचं. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठून दुसरीकडे बसायचं. सकाळी उन्हात जायचं. कॉफीचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही अंगात असतो, म्हणून दुपारनंतर ती नको. दारूने डोळा पटकन लागतो, पण रात्रीचा उत्तरार्ध मोडून निघतो, आणि धोक्याचे तास नेमके तेच असतात.

"उठून दुसरीकडे बसा" हा नियम सगळ्यांना सारखा लागू करू नका. जीव देण्याचे विचार असलेल्या माणसाने अंधारात एकटं बसणं बरं नव्हे. त्याने उठायचं ते सोबतीच्या माणसाकडे जाण्यासाठी, किंवा तो कागद हातात घेण्यासाठी. याच पद्धतीत अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करण्याचा एक भाग असतो. तो परिणामकारक आहे, पण सुरुवातीचे काही दिवस झोप आणखी कमी होते. द्विध्रुवीय आजारात त्याने उन्माद उसळू शकतो, अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) रुग्णाला झटका येऊ शकतो. मन अस्थिर असताना हा भाग प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीशिवाय करू नका.

भयस्वप्नांसाठी स्वप्न पुन्हा रचण्याची पद्धत आहे. दिवसा ते स्वप्न लिहायचं, त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा आणि ते नवं रूप रोज काही मिनिटं डोळ्यांपुढे आणायचं. स्वप्नाचं मूळ एखाद्या आघातात असेल, तर हे थेरपिस्टसोबतच करा.

पुढचे आठवडे

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत जोखमीचे असतात. घरी सोडण्यापूर्वीच पुढच्या भेटीची तारीख घ्या, शक्यतो आठवड्याच्या आतली. झोप सुधारली म्हणजे विचारही गेले, असं गृहीत धरू नका. दोन्ही वेगवेगळं विचारा. झोपेची नोंद आणखी दोन-तीन महिने चालू ठेवा. पुन्हा सलग दोन-तीन रात्री मोडल्या तर तो कागद बाहेर काढायचा आणि डॉक्टरांना कळवायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

सोबत करणाऱ्यांनी स्वतःची झोप सांभाळायची आहे. रात्रपाळी वाटून घ्या, दुपारी तासभर पडा, घराबाहेरच्या एका तरी माणसाला विश्वासात घ्या. तुमच्याही मनात नको ते विचार येऊ लागले तर हीच विचारपूस तुमचीही व्हायला हवी. हेल्पलाइनवर घरच्या माणसांनीही फोन केलेला चालतो.